एका दिवसाचें फूल, महिन्याचा बहर

घरापुढें बाग करणाऱ्या मनुष्यास, जें फूल पुष्कळ दिवस टिकतें तें चांगलें आणि जें लवकर कोमेजतें तें कमी प्रतीचें, असें सहज वाटतें. पण आपल्या परसांतील झाडांकडे नीट पाहिलें तर ही समजूत पुरती खरी नाहीं, असें दिसून येतें. जास्वंदीचें फूल सकाळीं उमलतें आणि बहुधां त्याच सायंकाळीं मिटतें. गुलबक्षी उन्हें उतरल्यावर फुलते आणि दुसऱ्या दिवशीं ऊन तापण्यापूर्वीं मिटून जाते. ज्याला आपण घरगुती बोलण्यांत ब्रह्मकमळ म्हणतों, तें निवडुंगाच्या कुळांतील फूल तर एका रात्रीचेंच सोबती. तरी तें उमलावयाचें असलें म्हणजे शेजारीपाजारी मुद्दाम जागून पाहावयास येतात. तेव्हां फुलाची योग्यता त्याच्या आयुष्याच्या लांबीवरून ठरत नाहीं हें उघड आहे. ही गोष्ट ज्या झाडावरून फार चांगली समजते, आणि ज्याच्या नांवांतच ती सांगितलेली आहे, अशा एका झाडाची ओळख या लेखांत करून देण्याचें योजिलें आहे. तें झाड म्हणजे डे-लिली, अर्थात् एका दिवसाची लिली.

वनस्पतिशास्त्रांत या झाडाच्या प्रजातीला हेमेरोकॅलिस असें नांव आहे. स्वीडनचे विख्यात शास्त्रज्ञ लिनियस यांनीं १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत तें नमूद केलें. ग्रीक भाषेंत 'हेमेरा' म्हणजे दिवस आणि 'कॅलोस' म्हणजे सौंदर्य. दोन्ही मिळून 'दिवसाचें सौंदर्य' असा अर्थ होतो. हिला लिली म्हणत असले तरी ही खरी लिली नव्हे. खरी लिली खवल्याखवल्यांच्या कंदापासून उगवते, तिच्या एकाच उभ्या खोडावर पानें येतात, आणि तिचें एकेक फूल अनेक दिवस टिकतें. डे-लिलीला तसा कंद नसतो. तिचीं मुळें जाड व मांसल असून त्यांत ती अन्नपाणी सांठवून ठेवते. लांब, अरुंद पानें जमिनीलगतच दोन बाजूंस पंख्यासारखीं पसरतात, आणि त्यांच्यामधून फुलांचा उंच, बहुतेक निष्पर्ण असा दांडा वर येतो. पूर्वीं तिची गणना लिलीच्याच कुळांत होत असे. हल्लींचे शास्त्रज्ञ तिला कोरफडीच्या कुळांत घालतात. फुलाला बाहेरून तीन अरुंद व आंतून तीन रुंद अशा सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मध्यें एक लांब स्त्रीकेसर असतो. हे सर्व भाग इतके मोठे व मोकळे असतात कीं, लहान मुलासही ते भिंगावांचून मोजतां येतात.

आतां एका दिवसांत कोमेजणाऱ्या फुलाचें झाड बागेंत लावून लाभ काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर थोड्याशा अंकगणितानें मिळतें. एका दांड्यावर समजा वीस कळ्या आहेत. त्या सर्व एका वयाच्या नसतात; खालची एखादी बोटाएवढी झालेली असते, तर टोंकाकडील कळी अजून गव्हाच्या दाण्याएवढी असते. चार-पांच वर्षांच्या जुन्या बेटांतून असे आठ दांडे वर आले तर कळ्या १६० झाल्या. त्यांतील पांच रोज उमलल्या तर तें बेट ३२ दिवस एकही दिवस खाडा न करितां फुललेलें राहील. म्हणजे फूल एका दिवसाचें असलें तरी बहर महिन्याचा असतो. सायंकाळीं आजचें फूल मऊ पडून मिटूं लागतें, त्याच वेळीं शेजारची कळी फुगून तिच्या टोंकाला रंग आलेला दिसतो. आज जें गेलें त्याची जागा उद्यां कोण घेणार, हें आदल्या सायंकाळींच ओळखतां येतें. ज्यानें हें ओळखण्याची संवय लावून घेतली, त्याला कोमेजलेल्या फुलाचें दुःख वाटत नाहीं.

या झाडाची मूळ भूमि पूर्व आशिया, मुख्यतः चीन, कोरिया व जपान हे देश होत. चिनी लोक तिला फार प्राचीन काळापासून ओळखतात. तेथें तिचें एक नांव 'वांग-यौ-त्साव' असें असून त्याचा अर्थ 'चिंता विसरविणारें गवत' असा आहे. 'शिजिंग' या त्यांच्या अति प्राचीन काव्यसंग्रहांत पति युद्धावर गेलेली एक स्त्री हें गवत मिळालें तर घरामागें लावावें, अशी इच्छा करिते. पुढें या झाडाचा संबंध आईशीं जोडला गेला. घराचा जो भाग आईच्या राहण्याचा, तेथें तें लावावें असा संकेत पडला. आणि 'श्वान-थांग', म्हणजे ज्या दालनापुढें हें झाड आहे तें दालन, हा शब्द दुसऱ्याच्या आईविषयीं आदरानें बोलतांना वापरूं लागले. मुलगा परदेशीं निघाला म्हणजे आईला त्याची चिंता लागूं नये, हा त्यांतील भाव. आपल्याकडे ज्याप्रमाणें तुळशीवांचून अंगण शोभत नाहीं, त्याप्रमाणें चीनमध्यें आईच्या दालनाशीं या झाडाचें नातें आहे. याखेरीज चिनी स्वयंपाकांतही त्याला स्थान आहे. पिंवळ्या फुलांच्या एका जातीच्या न उमललेल्या कळ्या वाफवून वाळवितात आणि 'सोन्याच्या सुया' या नांवानें त्या बाजारांत विकतात. सूप व भाज्यांत त्यांचा उपयोग होतो. मात्र ओळख नसलेल्या झाडाची कळी मुलांनीं कधींही तोंडांत घालूं नये, हें येथेंच सांगून ठेवणें बरें.

हेमेरोकॅलिसच्या मूळ रानटी जाती सुमारें पंधरा-वीसच आहेत, आणि त्यांचे रंग पिंवळ्यापासून तांबूस नारिंगीपर्यंतच आहेत. पण या थोड्या जातींतही निसर्गानें मोठी युक्ति योजिली आहे. 'सिट्रिना' नांवाच्या जातीचें फूल फिकट लिंबाच्या रंगाचें व सुवासिक असतें. तें सायंकाळीं उमलतें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिटतें. 'फुल्व्हा' या जातीचें फूल तांबूस नारिंगी असतें, त्याला जवळजवळ वास नसतो, आणि तें सकाळीं उमलून सायंकाळीं मिटतें. असें कां, याचा जपानी शास्त्रज्ञांनीं बारकाईनें अभ्यास केला आहे. रात्रीं फुलणाऱ्या फुलाकडे लांब सोंडेचे मोठे पतंग येतात. अंधारांत त्यांना फिकट रंग दिसतो व सुवासाचा माग लागतो. दिवसा फुलणाऱ्या फुलाकडे मोठालीं फुलपाखरें येतात. त्यांना तांबडा रंग दुरूनही ओळखतां येतो. सुवासाची त्यांना तेवढी गरज पडत नाहीं. म्हणजे फुलाचा रंग, वास आणि उमलण्याची वेळ या तिन्ही गोष्टी पाहुणा कोण यावयाचा आहे, त्यावरून ठरलेल्या आहेत. आपली रातराणी रात्रीं कां दरवळते आणि पळसाचीं भडक फुलें भर उन्हांत, सुवास नसतांही, पक्ष्यांना कशीं बोलावतात, याचा विचारही याच रीतीनें करितां येईल.

सोळाव्या शतकांत युरोपांतील वनस्पतींच्या पुस्तकांतून डे-लिलीचीं वर्णनें येऊं लागलीं. त्या वेळीं दोन जाती तेथें माहीत होत्या. एक पिंवळी व सुवासिक, जिला तेथील लोक लिंबू-लिली म्हणतात. आणि दुसरी नारिंगी 'फुल्व्हा'. पुढें वसाहत करणाऱ्या लोकांबरोबर या दोन्ही अमेरिकेंत गेल्या. नारिंगी जातीनें तर तेथें इतका जम बसविला कीं, जुन्या घरांच्या कुंपणांशीं, रस्त्यांच्या कडेच्या चरांत, पडलेल्या चौथऱ्यांजवळ ती आपोआप वाढतांना दिसते. घर नाहींसें झालें तरी तिचें बेट राहतें. परंतु या जोमदार झाडासंबंधीं एक चमत्कारिक गोष्ट होती. प्रतिवर्षीं शेंकडों फुलें येत असतांही त्यास बोंड धरत नसे आणि बीं येत नसे. बिया नसतां तें दोन खंडांत पसरलें कसें? तें पसरलें मुळांच्या योगानें. जमिनींतून त्याचे फुटवे निघतात, आणि एका शेजाऱ्यानें दुसऱ्यास फुटवा द्यावा, अशा रीतीनें तें घरोघर गेलें. म्हणजे तीं सर्व झाडें एकाच मूळ झाडाचे तुकडे होत.

हजारों लोक हीं फुलें पाहत होते, पण बीं कां येत नाहीं याचा छडा लावावा असें फारच थोड्यांना वाटलें. अशा थोड्यांपैकीं एक अमेरिकेंतील आर्लो बर्डेट स्टाउट हे होत. त्यांचा जन्म १८७६ सालीं झाला. त्यांच्या आईच्या बागेंत नारिंगी डे-लिली होती, आणि तिला बीं धरत नाहीं ही गोष्ट त्यांच्या मनांत लहानपणींच भरली होती, असें सांगतात. १९११ सालीं ते न्यूयॉर्कच्या वनस्पति-उद्यानांत शास्त्रज्ञ म्हणून दाखल झाले, आणि पुढें कित्येक वर्षें त्यांनीं या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. त्या बीं न धरणाऱ्या जुन्या झाडाला त्यांनीं 'युरोपा' असें नांव दिलें.

त्याच्या वांझपणाचें एक मुख्य कारण पेशींत सांपडतें. प्रत्येक सजीवाच्या पेशींत गुणसूत्रें नांवाचे अति सूक्ष्म तंतु असतात आणि आईबापांचे गुण त्यांतून पुढें जातात. साधारण डे-लिलीच्या पेशींत हीं गुणसूत्रें २२, म्हणजे अकरा जोड्या असतात. पराग व बीजांड तयार होतांना प्रत्येक जोडी फुटून अकरा-अकरा अशी सारखी वांटणी होते. 'युरोपा'च्या पेशींत मात्र गुणसूत्रें ३३ आहेत. अकरांचे तीन संच. जेथें तिघे तिघे आहेत तेथें दोघांत सारखी वांटणी व्हावयाची कशी? वांटणी विस्कळित होते, आणि बहुतेक सर्व बीजें आरंभींच नासतात. हें उदाहरण परदेशांतील म्हणून दूरचें समजण्याचें कारण नाहीं. आपण नेहमीं खातों त्या बहुतेक केळ्यांची हीच स्थिति आहे. त्यांचींही गुणसूत्रें ३३ असून, केळ्यांत बीं न सांपडण्याचें तें एक मोठें कारण आहे. म्हणूनच केळ हीही बियांपासून न लावतां मुनव्यांपासून लावावी लागते.

स्टाउट तेवढ्यावर थांबले नाहींत. निरनिराळ्या जातींचे पराग एकमेकींवर घालून नवे वाण निर्माण करण्याचें कार्य त्यांनीं हजारों फुलांवर केलें. अर्थात् हा मार्ग त्यांच्यापूर्वींही कांहींनीं धरला होता. इंग्लंडमध्यें यॉर्क येथील सेंट पीटर्स शाळेंतील एक शिक्षक, जॉर्ज येल्ड, यांनीं १८९० नंतरच्या थोड्याच वर्षांत 'ॲप्रिकॉट' नांवाचा एक संकरित वाण लोकांपुढें मांडला. डे-लिलीच्या संकराच्या इतिहासाचा आरंभ याच वाणापासून करितात. शाळेचें काम सांभाळून एका शिक्षकानें केलेली ही कामगिरी शाळेच्या मासिकांत आवर्जून नमूद करण्याजोगी आहे. १९२९ सालीं स्टाउट यांचा 'मिकॅडो' हा वाण बाहेर पडला. त्याच्या सोनेरी नारिंगी फुलांत मध्यभागीं गडद तांबडे डाग होते. १९३४ सालीं त्यांचा 'थेरॉन' आला. पिंवळ्या व नारिंगी फुलांच्या वंशांतून निवड करीत करीत आलेला हा पहिला खराखुरा गडद तांबडा वाण होय. त्याच वर्षीं त्यांनीं डे-लिलीवर एक ग्रंथही प्रसिद्ध केला.

या कामांत त्यांना मोठें साहाय्य झालें तें चीनमधून. नानकिंग विद्यापीठांत वनस्पतिशास्त्र शिकविणारे अल्बर्ट स्टीवर्ड हे तेथील डोंगरांतून गोळा केलेलीं रोपें व बिया न्यूयॉर्कला पाठवीत असत. त्यांत 'फुल्व्हा'चा गुलाबी छटेचा एक प्रकार होता, आणि आजच्या गुलाबी डे-लिलींच्या वंशांत त्याला मोठें स्थान आहे. स्टाउट १९५७ सालीं वारले. डे-लिलीच्या उत्तम वाणाला अमेरिकेंत जें सर्वश्रेष्ठ पदक देतात, तें त्यांच्याच नांवानें दिलें जातें.

यानंतर आणखी एक साधन हातीं आलें. कॉल्चिसिन नांवाच्या विषाचा अल्प प्रयोग केला असतां पेशींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते, हें १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. हेंच विष आपल्याकडे पावसाळ्यांत कुंपणांवर ज्वालेसारखीं फुलणाऱ्या कळलावींतही असतें, आणि म्हणूनच त्या झाडापासून मुलांनीं दूर राहावें. १९४० नंतर या द्रव्याच्या साहाय्यानें २२ ऐवजीं ४४ गुणसूत्रें असलेल्या डे-लिली तयार झाल्या. त्यांचे दांडे जाड, फुलें मोठीं, पाकळ्या दळदार व रंग अधिक गडद असतात. आज नोंद झालेल्या वाणांची संख्या ऐंशी हजारांहून कितीतरी अधिक आहे. लिंबासारखे, सायीसारखे, पिकल्या जर्दाळूसारखे, गुलाबी, जांभळे, काळसर तांबडे असे रंग त्यांत आहेत; कांहींच्या कंठाशीं हिरवी छटा असते, कांहींच्या कांठाला चुणीदार झालर असते, कांहींच्या पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या लांब व निमुळत्या असतात. मात्र शुद्ध पांढरा आणि खरा निळा रंग अद्याप कोणासही साधलेला नाहीं.

इतक्या मोठ्या संख्येमुळेंच घरगुती बाग करणाऱ्यास एक सावधगिरी बाळगावी लागते. नांवें जमविणें आणि फुलांचा आनंद घेणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शंभर वाण लावून त्यांच्या पाट्या वाचीत फिरणाऱ्यापेक्षां, विचारपूर्वक निवडलेले पांच-सहा वाण लावून ते रोज पाहणारा मनुष्य अधिक सुखी असतो. निवड करतांना पहिला विचार काळाचा असावा. कांहीं वाण हंगामाच्या आरंभीं फुलतात, कांहीं मध्यावर, कांहीं अखेरीस. प्रत्येकांतील एक-दोन घेतले तर एकाचा बहर ओसरतां ओसरतां दुसऱ्याचा सुरू होतो. एका बेटाच्या कळ्या ज्याप्रमाणें एकमेकींची जागा घेतात, त्याप्रमाणें येथें बेटें एकमेकांची जागा घेतात. लिंबू-लिली ही लवकर फुलणारांपैकीं आहे. १९२४ सालचा 'हायपेरिअन' हा उंच, फिकट पिंवळा व सुवासिक वाण हंगामाच्या मध्यावर फुलतो. शंभर वर्षें लोटलीं तरी त्याची आवड कमी झालेली नाहीं. १९७५ सालीं नोंदलेला 'स्टेला दे ओरो' जेमतेम फूटभर उंचीचा, लहान सोनेरी फुलांचा असून एकदां फुलून झाल्यावर पुनः पुनः फुलतो. त्याला १९८५ सालीं स्टाउट पदक मिळालें, आणि लहान वाफा किंवा कुंडी यांस तो विशेष सोयीचा आहे.

दुसरा विचार सुवासाचा. रंग व झालरी यांच्या मागें लागतां लागतां पुष्कळ नव्या वाणांतून सुवास निघून गेला आहे. म्हणून संग्रहांत निदान एक तरी सुवासिक वाण असावा. आणि रात्रीं उमलणाऱ्या जातीच्या वंशांतील असला तर तो सायंकाळीं बसण्याच्या जागेजवळ लावावा. तिसरा विचार आकाराचा. साध्या सहा पाकळ्यांच्या फुलाशेजारीं एखादें दुहेरी फूल शोभतें. 'क्वान्सो' हा जुना नारिंगी वाण तसा आहे. उंच वाण मागें, मध्यम मध्यें व ठेंगणे पुढें लावले म्हणजे कोणीही कोणाच्या आड येत नाहीं.

आपल्या हवेसाठीं आणखी एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. कांहीं डे-लिलींचीं पानें हिवाळ्यांत पार वाळून जातात आणि वसंतांत नवीं येतात. यांस पुष्कळदां कडक थंडीची गरज असते, म्हणून सपाटीवरील उष्ण प्रदेशांत त्या रुसून बसतात. दुसऱ्या बारमास हिरव्या राहतात. सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशांस त्याच योग्य. फिकट, जवळजवळ पांढऱ्या फुलांचा 'जोन सीनियर' हा वाण अशा सदाहरित जातीचा आहे. लागवड कठीण नाहीं. दिवसांतून निदान पांच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा घ्यावी. परंतु जेथें उन्हाळा तीव्र आहे तेथें दुपारनंतर थोडी सावली असलेली बरी, कारण गडद तांबड्या व जांभळ्या फुलांचा रंग प्रखर उन्हांत विटतो. माती भुसभुशीत करून कुजलेलें शेणखत घालावें. मुळें पसरून, पानें जेथून फुटतात तो भाग मातीखालीं सुमारें एक इंच राहील अशा बेतानें रोप बसवावें, आणि दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावें. जेथें पाऊस धो धो पडतो तेथें वाफा उंच करावा, म्हणजे मुळांशीं पाणी सांचून तीं कुजणार नाहींत. कळ्या येण्याच्या वेळीं पाण्याची हयगय करूं नये. पानांवर नारिंगी भुकटी दिसल्यास तो तांबेरा समजावा आणि तीं पानें कापून दूर टाकावीं. ज्या घरीं मांजर पाळलें आहे तेथें हें झाड मांजराच्या तोंडास लागणार नाहीं अशी काळजी घ्यावी. त्याच्या सेवनानें मांजराचीं मूत्रपिंडें निकामी होतात.

चार-पांच वर्षांनीं बेट दाट होतें आणि फुलें कमी येऊं लागतात. अशा वेळीं तें सगळें उपटून, मुळांसह दोन-दोन तीन-तीन पंख्यांचे भाग करून निरनिराळे लावावे. या झाडाचा हा मोठा गुण आहे कीं, वांटल्यानेंच तें चांगलें राहतें. एका घरीं एक वाण व दुसऱ्या घरीं दुसरा असला, आणि दोघांनीं अदलाबदल केली, तर थोड्या वर्षांत फारसा खर्च न होतां आळीतील सर्व बागांतून सर्व वाण दिसूं लागतील. कधीं कधीं फुलांच्या दांड्यावरच पानांचा एक लहानसा झुबका फुटतो. तो दांड्याच्या तुकड्यासह कापून ओल्या मातींत लावला तर मुळें धरतो, आणि त्याचीं फुलें हुबेहूब मूळ झाडासारखींच होतात.

परंतु ज्यांना नवें पाहण्याची हौस आहे, त्या विद्यार्थ्यांनीं बियांचा प्रयोग अवश्य करावा. त्यास उपकरणें लागत नाहींत. सकाळीं फूल उमलून पराग सुटा झाला म्हणजे एका वाणाचा पुंकेसर चिमट्यानें खुडून त्याचा पिंवळा पराग दुसऱ्या वाणाच्या स्त्रीकेसराच्या टोंकास हलकेच लावावा. फुलाच्या देंठास दोरा बांधून त्यावर आई कोणती व बाप कोणता, आणि तारीख काय, हें लिहावें. फूल गळून गेल्यावर तळाशीं हिरवें बोंड धरलें तर प्रयोग साधला. सुमारें दोन महिन्यांत बोंड वाळून तडकतें, आणि आंत काळ्या चकचकीत बिया दिसतात. त्या पेरून आलेलीं रोपें दोन-तीन वर्षांत फुलतात. त्यांतील एकही रोप आईसारखें किंवा बापासारखें तंतोतंत असणार नाहीं. पुष्कळ सामान्य निघतील, एखादें सुंदर निघेल. पण त्या फुलाच्या पहिल्या उमलण्याच्या दिवशीं तसें फूल जगांत दुसऱ्या कोणाच्याही बागेंत नसेल. दुहेरी गुणसूत्रांच्या वाणाचा पराग साध्या वाणावर घातला तर मात्र बीं बहुधां धरत नाहीं. यासाठीं वाण घेतेवेळींच तो कोणत्या प्रकारचा आहे हें विचारून ठेवावें.

पालकांनीं मुलांना यासाठीं एक वही करून द्यावी. प्रत्येक बेटाचें पहिलें फूल कोणत्या तारखेस उमललें, रोज किती उमललीं, सुवास सकाळीं अधिक कीं रात्रीं, फुलपाखरें कोणत्या रंगावर अधिक बसलीं, आणि कोणत्या झाडाला बीं धरलें नाहीं, हें त्या वहींत लिहिलें जावें. आपल्या गांवच्या हवेंत कोणता वाण केव्हां फुलतो, हें दूरदेशच्या पुस्तकांपेक्षां अशी वहीच अधिक चांगलें सांगेल. एका मुलाच्या मनांत आलेला 'याला बीं कां येत नाहीं?' हा साधा प्रश्न पुढें केवढ्या विद्येस कारण झाला, हें आपण पाहिलेंच. दहा दिवस टिकणारें फूल आपणांस आळस करूं देतें; तें उद्यां पाहिलें तरी चालतें. डे-लिली ती सवलत देत नाहीं. उद्यां जें उमलेल तें दुसरेंच फूल असेल. म्हणून आजचें फूल आजच पाहिलें पाहिजे.